शस्त्रक्रियेआधीं रक्ताचा जमाखर्च

घरांतील एखाद्या माणसावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली म्हणजे आपल्या कुटुंबांतून चौकशीला ऊत येतो. डॉक्टर कोणता, त्याचा हात कसा, खोली कोणत्या मजल्यावर, खर्च किती, विम्याची कंपनी त्यांतील किती देईल, रात्रीं उशाशीं कोण बसेल, अंधेरीहून डबा कोणीं न्यावयाचा, बोरिवलीच्या आत्याबाईंस केव्हां कळवावयाचें, या सर्व गोष्टींचा खल होतो. वडील माणसें पंचांग काढून दिवसही पाहून घेतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्या एका प्रश्नावर रोग्याचें बरें होणें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें, तो प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो असा कीं, रोग्याच्या रक्तांत हिमोग्लोबिन किती आहे, आणि कमी असल्यास तें कां कमी आहे? या महिन्यांत याच विषयावर चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

हिमोग्लोबिन हा रक्तांतील तांबडा पदार्थ होय. फुफ्फुसांतील प्राणवायु उचलून तो सर्व शरीरास पोंचविणें हें त्याचें काम; आणि त्याच्या घडणीस लोह लागतें. प्रौढ माणसाच्या शरीरांत सगळें मिळून सुमारें ३ ते ४ ग्रॅम लोह असतें. एक लहानसा खिळा होईल इतकेंच. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्तांत खेळतें असतें व कांहीं यकृतादि ठिकाणीं शिल्लक म्हणून ठेवलेलें असतें. अन्नांतून रोज आंत येतें तें अवघें १ ते २ मिलिग्रॅम. उलट, एक मिलिलिटर रक्त गेलें कीं सुमारें अर्धा मिलिग्रॅम लोह गेलें. ज्या स्त्रीच्या अंगावरून दरमहा ८० मिलिलिटरांहून अधिक रक्त जातें, तिचा एवढ्याच बाबीचा खर्च ४० मिलिग्रॅमांच्या वर जातो. रोजची जमा इतकी तुटपुंजी असतां हा खर्च वर्षानुवर्षें चालला, तर प्रथम शिल्लक सरते आणि मग रक्त उणें पडूं लागतें. यासच लोहाच्या अभावानें होणारा रक्तक्षय म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणें १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन पुरुषाचें १३ ग्रॅमांच्या खालीं, स्त्रीचें १२ च्या खालीं व गर्भिणीचें ११ च्या खालीं असल्यास तो रक्तक्षय समजावा. हा खेड्यापाड्यांतील गरिबांचा रोग, आपल्या घरीं दूधदुभतें असतां तो कोठून येणार, अशी कित्येकांची समजूत असते. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारें ५४ जणींस रक्तक्षय आढळला. शंभरांत चोपन्न असतां आपलें घर त्यांतून सुटलें असेल, असें न तपासतां म्हणणें धाडसाचें होय. दूध तर या कामीं उपयोगी नाहीं. त्यांत लोह नाममात्र असतें.

या रोगाची खोडी अशी कीं, तो हळूहळू येतो व माणूस त्यास सरावतें. घाटकोपर स्टेशनचा पूल चढतांना धाप लागली कीं वय झालें म्हणावयाचें. दुपारीं डोकें जड झालें कीं ऊन लागलें म्हणावयाचें. केंस गळले कीं मुंबईच्या पाण्यास बोल लावावयाचा. निवडतांना कच्चे तांदूळ तोंडांत टाकणें, माती किंवा बर्फ खावासा वाटणें, हेंही याच रोगाचें लक्षण असूं शकतें. पाटीवरची पेन्सिल कुरतडणाऱ्या मुली आम्हीं वर्गांत पुष्कळ पाहिल्या. त्यांस रागें भरण्याऐवजीं त्यांचें रक्त तपासावयास हवें होतें, हें आज कोणाही शिक्षकास माहीत असावें.

आतां शस्त्रक्रियेशीं याचा संबंध काय, तें पाहूं. ज्या घरांत महिनाअखेर हातीं पैसा उरत नाहीं, तें घर एरव्हीं कसेंबसें चालतें; पण अकस्मात् मोठा खर्च आला कीं कोलमडतें. अल्परक्त माणसाचें तसेंच आहे. शस्त्रक्रियेंत थोडेंफार रक्त जावयाचेंच. हृदयावर ताण पडावयाचाच. जखम भरून येण्यास प्राणवायु लागावयाचाच. शिल्लक असलेलें शरीर हा भार सोसतें. नसलेलें सोसत नाहीं. २०११ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत सव्वादोन लाखांहून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वीं ज्यांस रक्तक्षय होता, त्यांच्यांत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचें व इतर उपद्रवांचें प्रमाण अधिक आढळलें. आणि लक्ष देण्याजोगी गोष्ट ही कीं, रक्तक्षय सौम्य असतांही तें अधिकच होतें. तेव्हां ‘दहा आहे ना, मग चालेल’ हें समाधान खरें नव्हे.

यावर कोणी म्हणेल, रक्त कमी असेल तर बाटली चढवावी. हाय काय नि नाय काय! रक्ताची बाटली हें प्राण वांचविणारें साधन आहे, यांत संशय नाहीं. परंतु तें उसनें आहे. एका बाटलीनें हिमोग्लोबिन सुमारें एक ग्रॅमनें वाढतें, तिच्यांतून लोह मिळतें तें सुमारें २०० मिलिग्रॅम, आणि परक्या रक्ताचे म्हणून जे धोके असतात ते थोडे असले तरी असतातच. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, ती योग्यच झाली. तेव्हांपासून सर्व मदार स्वेच्छेनें रक्त देणाऱ्यांवर आहे. मे महिन्यांत मुंबईकर गांवीं जातात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो, हें उपनगरांतील प्रत्येक घरानें अनुभविलें असेल. त्यांतून रोग्याचा रक्तगट ‘बॉम्बे’ निघाला तर विचारूंच नये. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं जगापुढें मांडलेला हा गट इतका विरळा आहे कीं, त्याच्या माणसास त्याच गटाचें रक्त लागतें व तें देणारा मिळविण्यास दूरदूरचे लोक धुंडाळावे लागतात. अशा माणसास स्वतःचें रक्त वाढविणें यासारखा दुसरा शहाणपणा नाहीं. आणि जें त्यास शहाणपणाचें, तें इतरांस कां नसावें?

मुलुंडच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. त्यांची सून बेचाळीस वर्षांची. गर्भाशयांत गाठी, अंगावरून अतिशय जाणें, असें तीन वर्षें चाललेलें. शेवटीं गर्भाशय काढावयाचें ठरलें. मुलांच्या शाळेस सुटी म्हणून मे महिन्यांतील दिवस धरला व दोन बाटल्या रक्ताची सोय करण्यास घरच्यांस सांगण्यांत आलें. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनीं कागद पाहिले, हिमोग्लोबिन ८. त्या म्हणाल्या, ही शस्त्रक्रिया पांच आठवडे थांबली तर कांहीं बिघडत नाहीं, थांबावें. सासूबाईंस हें रुचलें नाहीं. “आतां सुटी आहे, पुढें ढकललें तर मुलांच्या शाळा सुरू होतील, आमच्या वेळीं कोणीं रक्त मोजलें होतें?” असें त्या म्हणाल्या. डॉक्टरबाईंनीं उत्तर दिलें, “काकू, उसनें रक्त आणून शस्त्रक्रिया उद्यांही होईल. पण सूनबाईंचं स्वतःचं रक्त वाढायला पांच आठवडे दिलेत, तर उसनं मागायची वेळच बहुधा येणार नाहीं.” रक्तस्राव आटोक्यांत ठेवण्यास औषध दिलें, शिरेंतून दोन वेळां लोह दिलें. पांच आठवड्यांनीं हिमोग्लोबिन ११.४ झालें. शस्त्रक्रिया पार पडली. बाटली एकही लागली नाहीं.

या गोष्टींत आम्हांस खरी बोंचली ती निराळीच बाब. गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिरांतून या सूनबाईंस लागोपाठ दोन वर्षें परत पाठविलें होतें. रक्त देण्यास हिमोग्लोबिन १२.५ लागतें, तिचें तितकें भरलें नाहीं. दोन्ही वेळां घरांत त्याचा विनोद झाला व विषय तेथेंच संपला. शिबिरांतून परत आलेली स्त्री ही फुकट मिळालेली धोक्याची सूचना असते. ती हंसण्यावारीं नेऊं नये.

पांच आठवडे कां लागावे, आणि गोळ्यांनीं काम कां भागलें नाहीं, हें समजण्यास थोडें गणित करूं. लोह किती तोकडें आहे हें काढण्याची एक रीत १९७० सालीं गान्झोनी यांनीं सांगितली, ती आजही वापरतात. हवें तें हिमोग्लोबिन व असलेलें हिमोग्लोबिन यांच्या वजाबाकीस वजनानें व २.४ नें गुणावें आणि शिलकेसाठीं ५०० मिळवावे. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ८, हवें १३. पन्नास गुणिले पांच गुणिले २.४ म्हणजे ६००. त्यांत ५०० मिळविले कीं ११०० मिलिग्रॅम. आतां ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी पोटांत गेली, तर त्यांतील ठळक मानानें १० मिलिग्रॅम अंगीं लागतें. म्हणजे केवळ रक्तापुरते ६०० मिलिग्रॅम भरून काढण्यास साठ गोळ्या हव्यात. शिलकेसह तर एकशें दहा. तेंही, खर्च चालू नसेल तर! जिची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यांत आहे, तिला गोळ्या देऊन काय होणार? आणि जिची शस्त्रक्रिया तीन महिन्यांनीं आहे, तिला गोळ्याच पुरेशा आहेत. प्रश्न औषधाचा नाहीं. हातांत वेळ किती, याचा आहे.

गोळी घेण्याचीही रीत आहे. ती उपाशीं पोटीं, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्यास अधिक अंगीं लागते. चहा, कॉफी वा दूध यांबरोबर घेतल्यास पुष्कळशी वांयां जाते. गोळी घेतली कीं यकृत हेप्सिडिन नांवाचा एक रस सोडतें व तो पुढें कांहीं तास लोहाची वाट अडवितो. म्हणून दिवसांतून तीन गोळ्या घेऊन पोट बिघडविण्यापेक्षां एकच, किंवा एका दिवसाआड, घेणें बरें, असें झुरिच येथील २०१७ च्या प्रयोगावरून दिसून आलें. गोळीनें शौचास काळसर होतें, त्यानें भिऊन गोळी सोडूं नये. पोटास मानवत नसेल तर डॉक्टरांस सांगून बदलून घ्यावी. गुपचूप डब्यांत सांठवूं नये.

वेळ थोडा असेल, गोळी सोसत नसेल किंवा रक्तस्राव फार असेल, तर शिरेंतून सलाईनप्रमाणें लोह देतात. हल्लींच्या औषधांनीं एका बैठकींत १००० मिलिग्रॅमपर्यंत देतां येतें. तें रुग्णालयांतच, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घ्यावें. कारण क्वचित् त्याची अंगावर प्रतिक्रिया उमटते. तें दिलें म्हणून दुसऱ्या दिवशीं रक्त वाढतें असेंही नाहीं. लोह हा कच्चा माल आहे, त्याचें रक्त बनविण्यास शरीरास दोन ते चार आठवडे लागतात. या उपायाचा गवगवा मात्र मोजूनमापूनच करावा. २०२० सालीं ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगांत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं सर्वच अल्परक्त रोग्यांस असें लोह दिलें असतां रक्त चढविण्याचें वा मृत्यूचें प्रमाण घटलें नाहीं. पुढील आठ आठवड्यांत पुन्हां रुग्णालयांत यावें लागणारे रोगी मात्र कमी झाले. यावरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, अल्परक्त दिसला कीं टोंचलें लोह, असें करणें हें उत्तर नव्हे. लोहच कमी आहे ना, हें आधीं पाहिलें पाहिजे.

तें पाहण्यास फेरिटिन नांवाची तपासणी आहे. ती लोहाची शिल्लक दाखविते. ३० च्या खालीं आल्यास तिजोरी रिकामी समजावी. रक्तक्षयाचीं कारणें मात्र अनेक. १९२८ सालीं ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या व गर्भिणी स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनीं अभ्यास केला. गिरणगांवांतील गरीब बायांचा तो रोग यीस्टच्या अर्कानें, म्हणजे मार्माईट या साध्या खाद्यानें, बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. तें द्रव्य पुढें फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें. मुंबईनेंच जगास दिलेला हा धडा आपण विसरूं नये. आपल्या शाकाहारी घरांतून ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडाही पुष्कळ. लोह कमी पडलें कीं रक्तपेशी लहान होतात, ब-१२ कमी पडलें कीं मोठ्या; दोन्ही एकदम कमी असलीं तर आकार मध्यम दिसून फसगत होते. शिवाय सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादि समाजांत अधिक आढळणारा थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार असेल, तर पेशी लहान दिसतात पण लोह भरपूर असतें. त्यास केवळ त्या लहान पेशी पाहून लोह देणें व्यर्थ.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींस स्पष्ट सांगतों. पुरुषाचें किंवा विटाळ गेलेल्या स्त्रीचें लोह कमी निघालें, तर गोळ्या घेऊन स्वस्थ बसूं नये. रक्त कोठें तरी झिरपत आहे, असाच त्याचा अर्थ पुष्कळदां असतो. मूळव्याध असेल, गुडघ्यासाठीं वर्षानुवर्षें घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीं जठरास व्रण झाला असेल, किंवा आंतड्यांत कर्करोगाची सुरुवात असेल. गुडघा बदलावयास निघालेल्या आजोबांचें हिमोग्लोबिन ९ असेल, तर गुडघ्याआधीं पोटाची दुर्बिणीनें तपासणी करून घेणें कदाचित् त्यांचे प्राण वांचवील.

आमच्या वाचकांतील आयुर्वेदाभिमानी मंडळी म्हणतील, लोहाचा हा शोध आमचाच. तें खरें आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पांडुरोगावर लोह व मंडूर यांचे योग दिले आहेत. नवायस चूर्णांत तर नऊ औषधें मिळून जितकीं, तितकें एकटें लोह घालावयास सांगितलें आहे. फ्रान्समध्यें ब्लॉड यांच्या लोहाच्या गोळ्या १८३२ सालच्या. औषध जुनेंच आहे. नवें आहे तें मोजमाप. तें मोजमाप जुन्या औषधासही लागू आहे. घरांत कोणतेंही भस्म चालू असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीं तें डॉक्टरांस सांगावें, लपवूं नये. लोखंडी कढईंतील भाजी, अळीव, नाचणी, डाळी, वर लिंबू, हें सर्व रोजच्यासाठीं उत्तम. परंतु ८ चें १२ करण्याचें काम महिन्याभरांत कढईनें होणार नाहीं.

प्रत्येक शस्त्रक्रिया थांबवावी, असें मात्र कोणीं समजूं नये. आंत्रपुच्छ फुटलें, खुब्याचें हाड मोडलें, कोठें रक्त वाहूं लागलें, तर क्षणाचाही विलंब नको; तेथें बाटलीच तारक. कर्करोगांत किती थांबावयाचें हें डॉक्टरांनींच ठरवावें. पण गुडघा, अंतर्गळ, पित्ताशयांतील शांत खडे, गर्भाशयांतील गाठी, या शस्त्रक्रियांचा दिवस आपणच ठरवितों. तो ठरविण्याच्या दिवशींच रक्त तपासावें. निदान चार ते सहा आठवडे हातीं असावे. डॉक्टरांस नम्रपणें तीन प्रश्न विचारावे: हिमोग्लोबिन किती? कमी असल्यास कारण काय? आणि तें भरून येईपर्यंत थांबतां येईल काय? कोणताही चांगला डॉक्टर यास रागावणार नाहीं.

शेवटचें सांगणें घरच्या कर्त्या माणसांस. एकत्र कुटुंबांत सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर जी शेवटीं बसते, उरलेल्या भाजीवर व वर लगेच घेतलेल्या चहावर जी भागविते, तिचा जमाखर्च कोणी लिहीत नाहीं. ती स्वतः तर नाहींच नाहीं. शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत तरी कां थांबावें? वर्षांतून एकदां, दिवाळीच्या आधीं म्हणा वा मुलांच्या परीक्षा झाल्यावर म्हणा, घरांतील सर्व स्त्रियांचें रक्त तपासून आंकडे एका वहींत लिहून ठेवावे. विजेचें बिल आपण जपून ठेवतों; तितकें तरी हें जपावें.